चौथा अंक

सावद्याला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानावर
आमचा वर्ग भरतो, साडेसात ते नऊ.
खाली तांब्याच्या तारेची वेटोळी, वॉर्निशचा वास.
वर सोळा खुर्च्या, त्यातल्या दोन मंडपवाल्याच्या,
लग्नसराईत परत द्यायच्या.

मासिकाचं नाव 'घड'.
झांबरे काकूंनी सुचवलं. म्हणाल्या,
एकेकटं केळं घेऊन ट्रक कुठं जातो का?
कागद लागत नाही, छापखाना लागत नाही.
एक जुना लॅपटॉप, माझा फोन,
आणि रात्री दहानंतर जरा धावणारं नेट.

देविदास वारकेनं भराईवर लिहिलं.
घड खांद्यावर घेतला की चीक गळतो,
डाग मरेपर्यंत जात नाही. म्हणून,
'माय शर्ट इज माय सर्टिफिकेट.'
मी त्याला एक पूर्णविराम दिला, बाकी काही नाही.
काकूंनी कळण्याच्या भाकरीची कृती पाठवली.
थापण्याला शब्द सापडेना, तेव्हा
तिथं नुसतं लिहिलं, 'देन यू सी.'

हुस्नूर तडवीचं सगळ्यात शेवटी आलं.
ती केळी पिकवायच्या चेंबरमध्ये क्रेट मोजते.
वहीच्या पानाचा फोटो, फाटक्या कडेसकट.
पहिलंच वाक्य,
'माय फादर डाइज लास्ट इयर.'

मी चष्मा काढून ठेवला.
केवढं लिहून गेली ही पोर!
गेल्या वर्षी मरतो, म्हणजे अजून मरतोच आहे,
रोज ओल्या हातानं स्टार्टरकडे जातो,
रोज मळ्यातून कुणीतरी हाक मारत पळत येतं.
मी त्यावर पानभर संपादकीय लिहिलं,
काळ कसा मोडतो वगैरे.
स्वतःवर खूश होऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी तिनं पडद्यावर वाचलं, ओठ हलवत.
'मॅडम, हे चुकलंय ना?'
म्हटलं, चुकलंय, पण सुंदर चुकलंय.
ती जरा थांबली.
'बाबा एकदाच गेले, मॅडम.
डाइड करा.
भाऊ सुरतेला सगळ्यांना दाखवणार आहे.
त्यांना वाटेल, हिला एवढंही येत नाही.'

खाली कुणीतरी मोटर चालू करून पाहिली.
ती बंद पडेपर्यंत हुस्नूर बोलली नाही.
त्या मोटरींच्या मधूनच
जिना आहे आमचा. दुसरी वाट नाही.
ती रोज येते.

केलं डाइड.
संपादकीय खोडत गेले, उरलं एवढंच,
'या अंकात नऊ जण आहेत.'

आता मी शहाणी झाले होते.
खाली एक वाक्य होतं,
'दॅट डे हीट वॉज स्टँडिंग इन द डोअर.'
मी ते झटकन नीट करायला घेतलं,
इट वॉज व्हेरी हॉट.
तिनं माउसवरचा माझा हात धरला.
'हे नका करू. ऊन उभंच होतं.
आत येत नव्हतं
आणि आम्हाला बाहेर जाऊ देत नव्हतं.'

मग कुठल्या वाक्याला हात लावायचा, कुठल्याला नाही,
एकोणीस वर्षं शिकवून
मी तिला विचारत बसले, ओळ ओळ.
ती सांगत होती. दोनदा चुकीचंही सांगितलं तिनं,
तिथं आम्ही भांडलो.
नऊ वाजून गेले, सव्वादहा झाले.
देविदासनं खिशातून दाळ्या काढल्या.

चौऱ्याण्णव टक्क्यांवर अंक अडकला.
फोन खिडकीच्या गजाला टेकवून ठेवला,
कुणी श्वास घेतला नाही,
आणि गेला.

सुरतेहून भावाचं उत्तर आलं,
'स्पेलिंग बरोबर आहे.'
तिनं ते तीनदा वाचलं.
त्याच्याखाली 'टायपिंग' दिसत राहिलं,
बराच वेळ, दुकानाचं शटर पडेपर्यंत.
मग तेही गेलं.
काहीच आलं नाही.